तपासणाऱ्याचे बिल कोण भरतो?

मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका यांस,


जानेवारी आणि जुलै आले की शहरातल्या रुग्णालयांत, मॉलमध्ये, मंगल कार्यालयांत ‘फॉर्म बी’ची धावपळ सुरू होते. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांच्या 2006 च्या कायद्यानुसार, या फॉर्मवर आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक खासगी एजन्सीने लिहून द्यायचे असते. एजन्सी निवडतो इमारतमालक. बिलही तोच भरतो. मग पंप बंद आहे, हे ती कोणत्या तोंडाने लिहिणार?

बांधकाम परवानगीतही हाच प्रवाह आहे. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला शुल्काची पावती हीच परवानगी मानली. 150 ते 300 चौरस मीटरसाठी परवानाधारक तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर 10 दिवसांत मंजुरी. सोय चांगलीच. मनपा की नागपूर सुधार प्रन्यास, या हेलपाट्यात ज्यांच्या चपला झिजल्या ते तिला नावे ठेवणार नाहीत. पण छोट्या घरात प्रमाणपत्र खोटे निघाले तर एक कुटुंब अडचणीत येते. रुग्णालयात तेवढ्यावर भागत नाही.

सरकारी डोळा आपोआप तीक्ष्ण असतो, असेही नाही. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या भंडाऱ्यात 10 नवजात बालके आगीत गेली, ते जिल्हा रुग्णालय सरकारीच होते. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 जण दगावले. त्या इमारतीच्या नूतनीकरणाची तपासणीही खासगी नव्हे, स्थानिक पालिकेचीच होती. चौकशीत दिसले ते असे, की खासगी निरीक्षकांशी गिऱ्हाइकांसाठी चढाओढ करता करता पालिकांचे तपासनीसही सांभाळून घेऊ लागले. ब्रिटनने 2022 च्या कायद्याने उंच, धोक्याच्या इमारतींच्या बांधकामासाठी तपासनीस निवडण्याचा बिल्डरचा हक्कच काढून घेतला.

नागपूरकरांचे मागणे एवढेच आहे. खासगी एजन्सी राहू द्या, पण रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि उंच इमारतींसाठी ती संगणकीय सोडतीने ठरावी आणि तिचे शुल्क मनपामार्फत मिळावे. याला नियम बदलावे लागतील, फाईल मुंबईला जाईल, ठीक. प्रत्येक फॉर्म बी एजन्सीच्या नावासह मनपाच्या संकेतस्थळावर टाकायला मात्र मुंबईची वाट पाहू नये. अग्निशमन विभागाने त्यातल्या काही इमारती पूर्वसूचना न देता निवडून तिथले पंप स्वतः सुरू करून पाहावेत. आणि प्रमाणपत्र खोटे ठरले, तर त्या एजन्सीने सही केलेल्या शहरातल्या बाकी सगळ्या इमारती त्याच महिन्यात पुन्हा तपासाव्यात.

कळावे,
नागपूरकर