जाब्रियाहून : दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात



गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या घरी मंडळाची बैठक होती. पोहे झाले, चहा झाला, मग खजिनदारांनी लॅपटॉप उघडून जेवणाच्या कुपनांचा आकडा वाचला : १८७. सौ. म्हणाली, "अहो, काल तीन कुटुंबं वाढली ना? नावं मीच लिहून दिली." नावं यादीत होती, माणसं अकरा. आकडा मात्र १८७ वर ढिम्म बसलेला. गंमत म्हणजे खजिनदारांनी शेजारी उघडलेली घरखर्चाची फाइलसुद्धा बेरीज करीनाशी झाली होती.

ही यादी म्हणजे आमच्या समोरच्या इमारतीतल्या बारावीतल्या एका मुलाची कर्तबगारी. त्यानं एक्सेलमध्ये बटण बसवलंय. ते दाबलं की कुटुंबवार, मोठ्यांची-लहानांची कुपनं आपोआप तयार. आधीची दोन वर्षं हे काम तीन बायका दोन संध्याकाळी बसून करत, तेव्हा पोराचं कौतुक व्हायलाच हवं. त्याला फोन केला, तो पाच मिनिटांत हजर.

"काका, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!"

हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. त्यातली बरीच वेळा ते मीच म्हटलेलं आहे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक्सेल काय, ऑटोकॅड काय, असली मोठी सॉफ्टवेअरं आपल्या पोटात एक छोटा दुभाषी बाळगून असतात. आपण त्याच्या भाषेत चार ओळी लिहून दिल्या की तो त्या वाचतो आणि मूळ सॉफ्टवेअरला हुकूम सोडतो. कंपनीनं न दिलेली सोय आपण आपल्यापुरती तयार करू शकतो. एक्सेलमध्ये ही भाषा १९९३ सालापासून आहे, व्हीबीए तिचं नाव. ऑटोकॅडमध्ये त्याआधीच, १९८६ साली, ऑटोलिस्प आली. लिस्प मूळची जॉन मॅकार्थींची, एमआयटीतली, १९५८ ची. तिच्यात प्रत्येक गोष्ट कंसात. कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि एक जरी मिटायचा राहिला तर तो कृष्णाच्या मामासारखाच छळतो.

या कंसमामाशी माझी गाठ इथे कुवेतला पडली. अमेरिकेत एमएस करून, तिथे थोडी नोकरी करून २००९ साली मी इथल्या एका डिझाइन ऑफिसात लागलो. रिफायनरीच्या पाइपलाइनींची ड्रॉइंगं. पाइपाला ठरावीक अंतरावर खालून आधार द्यावे लागतात, त्यांना आम्ही सपोर्ट म्हणतो. प्रत्येक सपोर्टचं चिन्ह ड्रॉइंगवर ठेवायचं, त्याला नंबर द्यायचा. एका ड्रॉइंगला अर्धा दिवस जाई. मी म्हटलं, हे काय माणसानं करायचं काम आहे? दोन शुक्रवार बसून ऑटोलिस्पमध्ये प्रोग्राम लिहिला. त्यात फंक्शनच्या नावाआधी 'सी' आणि विसर्गासारखी दोन टिंबं लावली की ते नाव ऑटोकॅडची स्वतःची आज्ञा असल्यासारखं चालतं. टाइप करा, पाइप दाखवा, अंतर सांगा, चिन्हं पटापट बसतात. ऑफिसभर माझा भाव वधारला.

आमच्याकडे एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते, मूळचे चिपळूणचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीसुद्धा. ते मात्र मला साहेब म्हणायचे, कितीही सांगितलं तरी. २०११ च्या उन्हाळ्यात एक ड्रॉइंग बाहेर जायच्या आदल्या दिवशी ते प्रिंट आणि स्केल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, हा सपोर्ट फ्लॅंजवर कसा काय बसला?"

बघतो तर खरंच. अंतराचा हिशेब बरोबर, नंबर बरोबर, पण चिन्ह सरकून शेजारच्या जोडावर जाऊन बसलेलं. मग काकांबरोबर बसून सगळी ड्रॉइंगं तपासली. जवळजवळ तीनशे सपोर्टांपैकी अकरा असे सरकलेले. बाहेर गेले असते तर तिथे लोखंड वेल्डिंग झालं असतं. घाम फुटला मला, एसीत.

कारण शोधायला रात्र गेली. ऑटोकॅडमध्ये ऑसनॅप नावाची सोय असते. आपण रेषेच्या टोकाच्या जवळपास क्लिक केलं की ती बिंदू बरोबर टोकाला चिकटवते. माणसाला ही फार सोयीची. पण माझा प्रोग्राम 'कमांड' या मार्गानं अचूक बिंदू देत होता, आणि ऑसनॅप चालू असल्यामुळे ऑटोकॅड त्यालाही मदत करत होतं! ड्रॉइंग लांबून, छोटं करून बघत असताना प्रोग्राम चालवला की शेजारचं टोक 'जवळ' ठरायचं आणि चिन्ह तिकडे ओढलं जायचं. मी चाचणी घेतली ती नेहमी मोठं करून, तेव्हा कधी दिसलंच नाही.

उपाय सोपा. ऑसनॅपची स्थिती ऑसमोड नावाच्या एका आकड्यात असते. सुरुवातीला तो शून्य करायचा, शेवटी जुना आकडा परत ठेवायचा. केलं, आणि निवांत झालो.

आठवड्यानं काका परत आले. या वेळी जरा हसत होते. "साहेब, तुमच्या यंत्रानं आमचा ऑसनॅप खाल्ला."

झालं होतं असं, की कुणीतरी प्रोग्राम चालू असताना मध्येच एस्केप दाबलं. प्रोग्राम तिथेच मेला, शेवटची ओळ आलीच नाही, ऑसमोड शून्यावरच राहिला. त्या माणसानं पुढे दिवसभर रेषा काढल्या, त्यांची टोकं एकमेकांना भिडलेली दिसत, पण भिडलेली नव्हती. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या करायला गेलं तर गॅस बंद करून यावं. पोळ्या करपल्या तरी." काका खाडीत आल्यावर आठ वर्षं पाचजणांत एक स्वयंपाकघर वापरून राहिलेले. त्यांना याचं शास्त्र ठाऊक असणारच.

एस्केप दाबलं किंवा चूक झाली की ऑटोलिस्प 'एरर' नावाचं एक फंक्शन हाक मारून जातं. ते आपण आपलं लिहायचं आणि त्यात ऑसमोड जागेवर ठेवायचा. तेही आपल्या प्रोग्रामपुरतंच ठेवायचं, नाहीतर दुसऱ्याच्या प्रोग्रामची चूकही आपल्याच दारात येते. चौदा ओळींची भर. मास्टर्सच्या अभ्यासात हे कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि मी त्या तासाला झोपलो असेन.

हा दुभाषी भोळा असतो, हे दुसऱ्या बाजूनंही खरं. ऑटोकॅड सुरू होताना ठरावीक नावाची लिस्प फाइल दिसली की निमूट वाचायचं, ती कुणी ठेवली हे न विचारता. २०१२ साली 'मेड्रे' नावाचा व्हायरस याच दारानं शिरला. पेरू देशात त्यानं लोकांची ड्रॉइंगं परस्पर चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवली. २०१३ साली आलेल्या ऑटोकॅड २०१४ पासून अनोळखी फोल्डरातली फाइल चालवण्याआधी विचारणा होते. मायक्रोसॉफ्टनंही २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. आमच्या खजिनदारांना त्या दिवशी लाल पट्टी दिसली होती. त्यांनी कुणाला तरी विचारून ती घालवली. कुणाला, ते सांगत नाहीत.

तर, पोराकडे वळू. त्याचा कोड बघितला, छान नेटका होता. बटण दाबल्यावर काम भरभर व्हावं म्हणून त्यानं सुरुवातीला एक्सेलची आपोआप बेरीज करण्याची सोय बंद केली होती आणि शेवटच्या ओळीत परत चालू. एका नव्या कुटुंबाच्या वयाच्या रकान्यात कुणीतरी 'पाच वर्षे' असं अक्षरी लिहिलं होतं. मॅक्रो तिथे अडखळून पडला, शेवटची ओळ राहिली. आणि ही सोय एका फाइलीची नसते, उघडलेल्या सगळ्या एक्सेलची असते, म्हणून घरखर्चही झोपला.

मी काही बोललो नाही. "एफ नऊ दाब," एवढंच म्हटलं. १८७ चे १९८ झाले. पोरगा दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मध्येच क्रॅश झालं तर मी ऑफ केलेलं ऑफच राहतं?"

मग दोघांनी बसून चूक झाल्यावर जायची वाट लिहिली. एस्केपचं मात्र एक्सेलमध्ये वेगळं. ते दाबून खिडकीतलं 'एंड' निवडलं की ही वाटही चुकते, म्हणून एस्केपलाही चूकच समजायला सांगणारी एक ओळ घातली. पुढच्या वर्षी तो पुण्याला शिकायला जाईल, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे कारण लिही म्हटलं. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं उमटतात. पठ्ठ्यानं रोमन लिपीत मराठी लिहिलं : 'इथे बंद केलं, खाली परत चालू केलंय, काढू नका, कुपनं चुकतील.'

काका २०१९ साली चिपळूणला परत गेले. त्यांना मी या ओळीचा फोटो पाठवला. उत्तर आलं : "गॅस बंद आहे ना?"

केटररला १९८ कळवले. ऐनवेळी सहाजण जास्त आले, ते वेगळं.