एर्डिंगला जाताना आजीचाही विचार करा



गेल्या अंकातल्या पत्रलेखकाने म्युनिकजवळच्या थेर्मे एर्डिंग या गरम पाण्याच्या स्नानकेंद्राबद्दल ‘एका दिवसात सगळं उरकून घ्या’ असा सल्ला दिला आहे. तो मला अजिबात पटला नाही. १९८३ मध्ये तेल शोधताना तिथे दोन हजार मीटरहून खोलवर ६५ अंशांचं गंधकयुक्त पाणी सापडलं. आंघोळीच्या कुंडात ते निववून साधारण ३४ अंशांवर आणतात. अशा पाण्यात बसायचं, बाहेर येऊन आडवं व्हायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा उतरायचं. याला वेळ लागतोच. भारतातून आलेल्या, रक्तदाबाचा त्रास असलेल्या आजीला तिथल्या पाण्याच्या घसरगुंड्यांवर नातवंडांमागे पळवणं म्हणजे तिचे हालच.

घसरगुंड्या मुलांपुरत्याच ठेवा. एक मोठा माणूस त्यांच्याबरोबर, दुसरा आजीजवळ. सौना विभागाबद्दल तर पत्रात अवाक्षर नाही! तिथे कपडे घालून बसत नाहीत आणि सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. हे घरीच सांगायला हवं. दारात पोचल्यावर ज्येष्ठांना अवघडून टाकणं मला क्रूर वाटतं.

शाळेच्या सुट्ट्या टाळा, सकाळीच एस-२ गाडीने आल्टनएर्डिंगला उतरा. दोन टॉवेल जास्त घ्या.

– एक वाचक, म्युनिक