'टीबी नाही' म्हणजे आजार नाही, असं नव्हे! फुफ्फुस आखडलेल्या माणसानं जायचं कुठं?

७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत टीबीची १०० दिवसांची मोहीम सुरू झाली, नंतर ती देशभर नेली. हातात धरायचं एक्स-रे यंत्र गावापर्यंत आलं, थुंकी तपासली गेली. काम चांगलंच आहे. पण ज्याची तपासणी निगेटिव्ह आली आणि खोकला मात्र तसाच राहिला, त्याचं काय?

माझ्या चुलत्यांचं हेच झालं. दोन वर्षं कोरडा खोकला, घरापासून गोठ्यापर्यंत गेलं तरी धाप. एका दवाखान्यात टीबी सापडला नाही, तरी अंदाजानं टीबीच्या गोळ्या सहा महिने दिल्या. शेवटी शहरात एचआरसीटी स्कॅन काढल्यावर निदान झालं, लंग फायब्रोसिस. तोवर उशीर झाला होता.

फुफ्फुस स्पंजासारखं मऊ असतं. या आजारात आत जखमेच्या वणासारखे कडक पट्टे तयार होतात. मग ते नीट फुगत नाही आणि ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण एकदा पडलेला वण परत जात नाही.

शेतकऱ्यानं याकडं का बघायचं? देशातल्या २७ केंद्रांवर अशा गटातल्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद घेतली गेली, ती २०१७ ला प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्म्या, म्हणजे ४७ टक्के रुग्णांचा आजार श्वासातून आत जाणाऱ्या ॲलर्जीचा होता. बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, न धुतलेला कूलर ही त्याची कारणं. ओला राहून बुरसटलेला कडबा, भुसा, साठवलेलं उसाचं चिपाड यांची धूळही त्यातलीच. ही धूळ वेळीच थांबवली तर नुकसान पुष्कळ टळतं.

आता औषधांचं. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब या दोन गोळ्यांचे मोठे अभ्यास २०१४ ला आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नेरान्डोमिलास्ट या नव्या गोळीला मंजुरी दिली. तिन्ही गोळ्या आजाराचा वेग कमी करतात, आजार बरा करत नाहीत. पहिल्या दोन्हींनी मळमळ, जुलाब, भूक मरणं असा त्रासही होतो. म्हणून संशोधक आता दुसराही प्रश्न विचारतायत: आहे तेवढ्या आयुष्यात माणूस नीट जगतोय का? स्वतः आंघोळ करतो का, रात्री झोपतो का, चार माणसांत बसतो का?

त्याची उत्तरं फार महागडी नाहीत. ब्रिटनमध्ये ८४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला. चालताना ज्यांचा ऑक्सिजन खाली जायचा, त्यांना चालताना सोबत नेता येईल असा ऑक्सिजन दिला. दोन आठवड्यांत त्यांचं रोजचं जगणं सुधारलं. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात अगदी कमी मात्रेच्या मॉर्फिननं खोकला ३९ टक्क्यांनी घटला. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मनानं घ्यायचं नाही. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला चालण्याचा सराव आणि व्यायाम यांनीही दम वाढतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

खरी अडचण आपल्याकडं आहे. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं तरी ते विजेवर चालतं. लाईट गेली की घरच्यांचाच जीव वर-खाली होतो. फिजिओथेरपीसाठी शहर गाठायचं, म्हणजे एका माणसाचा रोज बुडाला.

म्हणून मागणी साधी आहे. टीबी नसलेल्या पण खोकला न थांबलेल्या माणसाची वेगळी यादी करा आणि त्याला थेट छातीच्या डॉक्टरकडं पाठवा. पाठीवर स्टेथोस्कोप लावल्यावर चपलेचा वेलक्रो ओढल्यासारखा चर्र आवाज येतो का, हे ऐकायला पैसे लागत नाहीत. कोरोनात आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत पडून आहे. बसल्यावर आकडा चांगला दिसतो, चालल्यावर घसरतो. म्हणून चालवूनही बघा. जिथं कोरोनातली ऑक्सिजन मशीन शिल्लक आहेत, ती अशा रुग्णांना वापरायला द्या.

चुलते आता ओसरीपर्यंतच येतात. निदान दोन वर्षं आधी झालं असतं तर बुरसटलेल्या कडब्यापासून त्यांना तेव्हाच लांब ठेवलं असतं. तुमच्या घरात कुणाला आठ आठवड्यांवर कोरडा खोकला असेल, तर 'टीबी नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. पुढचा प्रश्न विचारा.