परिपाठाबाहेरची वही

दहा मूल्यं आहेत. परिपाठाला उभ्या राहिलेल्या कुठल्याही पोराला ती पाठ असतात : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता. मलाही आहेत. दहावी पास झालो, पुढं कॉलेजची पायरी चढलो नाही, गोदीत लागलो. ठेकेदाराकडं. पण ही दहा काही डोक्यातून गेली नाहीत. साखरेची गोणी पाठीवर असली की चालीत म्हणतो. पाऊल बरं पडतं.

मूल्यांशी माझं वैर नाही. भांडण आहे ते मूल्यांवर लिहून घेतल्या जाणाऱ्या निबंधाशी. 'माझा दिनक्रम आणि माझी जीवनमूल्ये' असा विषय फळ्यावर येतो, आणि कोळसेवाडीतलं पोरगं काय, कळव्यातलं काय, किसननगरातलं काय, सगळी एकाच घरात झोपून उठतात. त्या घराला खिडकी असते. खिडकीतून कोवळं ऊन येतं. बाबा पेपर वाचत बसलेले, आई दुधाचा पेला पुढं करते, आजी तुळशीला पाणी घालते. कुणाचं हे घर? गाईडवाल्याचं. आमच्या पोरांनी ते दोन पानांपुरतं भाड्यानं घ्यायचं आणि दहापैकी सात मार्क घेऊन निमूट आपल्या खोलीत परत यायचं. पावसाळ्यावरचा निबंध तसाच. कागदाच्या होड्या, कांदाभजी आणि नाचरा मोर. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी कल्याणात घराघरात शिरल्या, तो पाऊस कुठल्या गाईडात आहे? मोर तर मी अजून पाह्यला नाही. कावळे भरपूर.

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत नववीतली एक पोरगी आहे. तिनं हे भाड्याचं घर घेतलं नाही. चार पानं लिहिली, स्वतःची. ती वही तिनं मला वाचायला दिली, कारण दादा कविता करतो असं वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. (कवितेचा मला झालेला हा पहिला फायदा.)

काय लिहिलंय तिनं? पहाटे तीनला नळ येतो. पाऊण तास. ती आणि आई हंडे भरतात, भाऊ झोपलेला असतो. आई डोंबिवलीत एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तिथं तिचा कप वेगळा, लिफ्टही वेगळी. शाळेत कुणी पत्ता विचारला तर ही पोरगी वस्तीचं नाव सांगत नाही, 'स्टेशनजवळ' म्हणते. आणि मग एक वाक्य : मला खोटं बोलायला आवडत नाही, पण पत्ता सांगताना मी रोज खोटं बोलते.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं हे लिहिलं. मी दोनदा वाचलं आणि वही मिटून बसलो.

शाळेनं काय केलं? सात ठिकाणी 'पानी' होतं, सातही ठिकाणी लाल शाईनं 'पाणी' केलं. खाली शेरा : विषयाला धरून लिहावे, लेखन सकारात्मक असावे. दहापैकी तीन. बाई दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. साठ वह्या, वर सरकारी फॉर्म, निवडणुकीची कामं. त्यांनाही कुणीतरी असंच तपासून तयार केलेलं आहे. पण 'पानी'चं 'पाणी' करायला त्यांना सवड मिळाली आणि ते तीन वाजता का येतं, हे विचारायला मिळाली नाही. न आणि ण यांच्यामध्ये केवढी जात बसलेली असते, ते आपल्यापैकी ज्यानं ज्यानं वर्गात मोठ्यानं धडा वाचलाय त्याला सांगायला नको. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहिली, तीही पाण्याचीच आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी नाही.

आता जुनी गोष्ट सांगतो, कारण ही पोरगी पहिली नव्हे. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या मुलीनं निबंध लिहिला. वय चौदा. विषय : मांग-महारांच्या दुःखाविषयी. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं तो दोन हप्त्यांत छापला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकात. त्यात तिनं कुठल्याही मूल्याची व्याख्या केलेली नाही. पेशवाईत आपल्या माणसांचं काय होत होतं ते सांगितलं. थंडीपावसात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचं सांगितलं. आणि तेवढं सांगून झाल्यावर विचारलं की वेद जर आमचे नाहीत, तर आमचा धर्म तरी कोणता? आधी घर, मग प्रश्न. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, तिचा निबंध वाचणारे वाचतातच. त्या वर्षी पुण्यात ज्यांनी सकारात्मक लिहिलं असेल त्यांची नावं शोधून दाखवा.

समजा, मुक्ताचा निबंध आज आमच्या शाळेत आला असता. किती मार्क?

त्या दहांपैकी दोन मूल्यं मला जवळची. एक वक्तशीरपणा. कल्याणहून पहाटेची लोकल, संडहर्स्ट रोडला खालच्या फलाटावरून वर चढायचं, हार्बरची गाडी, डॉकयार्ड रोड. दहा मिनिटं चुकली की मुकादम हजेरी मांडत नाही, आणि ठेक्यावरच्या माणसाला हजेरी नाही म्हणजे दिवस नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं चालत्या लोकलमधून खाली पडली, जिवानिशी गेली. ती कुठं निघाली होती? वेळेवर पोचायला. सोमवार होता.

दुसरं श्रमप्रतिष्ठा. या शब्दासमोर मी उभाच राहू शकत नाही. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका मोठ्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून मेले. २०१३ सालापासून कायदा आहे की माणसाला अशा टाकीत साधनांशिवाय उतरवायचं नाही. सोसायटी शिकलेल्यांची. तिथल्या पोरांनाही परिपाठ आहे, दहा मूल्यं आहेत, आणि 'श्रमाचे महत्त्व' या निबंधाला दहापैकी नऊ पडत असणार. टाकीत उतरणाऱ्यांना निबंध लिहायची वेळ आली नाही. हा शब्द शिकवायचाय ना, मग त्या तिघांची बातमी फळ्यावर लिहा आणि वर्गाला पाच मिनिटं बोलू द्या. बास. गाईड नको.

इथपर्यंत आपले दोस्त माझ्याशी सहमत आहेत, टाळ्या देतील. पुढचं ऐका.

वहीची चार पानं मी आपल्या मंडळात वाचून दाखवली. पोरीला विचारून. पहिली तीन पानं सगळे तापले. चौथ्या पानावर तिचा भाऊ आहे. तोच, पाणी भरताना झोपलेला. १४ एप्रिलला तो पावत्या फाडतो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करतो, आणि भाषण करून आला की ताट तसंच टाकून उठतो. ते ही पोरगी घासते. परिपाठातली स्त्री-पुरुष समानता आणि भावाच्या भाषणातली, दोन्ही मी ऐकलीत, दोन्ही वेळा हात ओलेच होते, असं तिनं लिहिलंय.

मंडळ गप्प. मग एकजण म्हणाला, हे पान काढ, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? दुसरा म्हणाला, शेवटी व्यवस्थेवर दोन कडक वाक्यं टाक, म्हणजे नकारात्मक वाटणार नाही. नकारात्मक! शब्दसुद्धा बाईंचाच. बाईंची शाई लाल, यांची निळी. वही तपासायची खोड तीच.

मी तिथंच म्हणालो आणि इथं लिहितो : आपल्याला आपलं साहित्य पाह्यजे असेल तर ते आपल्याही विरुद्ध जाणार. आपण टॉवरवाल्यांना सांगतो की तुमच्या कपात जात आहे, तेव्हा ते म्हणतात घरातली गोष्ट आहे. आपल्या पोरीनं आपलं ताट दाखवलं की आपण काय म्हणतो? तेच. नववीतल्या पोरीची मूल्यं कोणती, असं कुणी मला विचारलं तर मी तिचं चौथं पान दाखवीन. घरात राहून, त्याच भावाच्या हाताखाली, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठायचंच आहे हे माहीत असून तिनं ते लिहिलं. मी गोदीत पन्नास किलो उचलतो. एवढं वजन मी उचललेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या अंकात ती चार पानं छापा. 'पानी' सातही ठिकाणी 'पानी'च ठेवा. शेवटी काही जोडू नका. आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंब्रा, जिथं जिथं आपली मंडळं आहेत तिथल्या शाळकरी पोरापोरींकडून अशा वह्या मागा. तपासायला नव्हे, वाचायला.

तिची हरकत नाही. नाव छापू नका म्हणाली. आणि म्हणाली, दादा, अंक निघाला की पहिली प्रत भावाच्या हातात तुम्ही स्वतः द्या, पोस्टानं नको.