साठीतल्या तारुण्यपिटिका

"अहो, त्या आरशावर टॉवेल टाका," असे सौ. म्हणाली, तो गोळी सुरू झाल्याचा दहावा दिवस होता. जन्मात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या बाईला फुफ्फुसाचा कर्करोग. त्यावर एर्लोटिनिबची रोज एक गोळी. सलाईन नाही, म्हणून आम्ही खुशीत होतो. आणि नाक, गाल, छाती, पाठ लालभडक पुळ्यांनी भरून गेली. शेजारच्या वहिनी कांजिण्या समजून कडुनिंबाचा पाला घेऊन आल्या. भाचीने मुरमांचे मलम दिले. ते लावल्यावर चेहरा भाजल्यासारखा सोलवटला.

त्याच भाचीच्या साखरपुड्याला ही गेली नाही. पुढे कपाटात साडीच्या घडीत मला सात गोळ्या सापडल्या. कर्करोगापेक्षा चार माणसांच्या नजरेचे भय मोठे ठरले होते.

मी बँकेत बत्तीस वर्षे काढली. कर्जाच्या कागदावरच्या बारीक टाइपातल्या अटी वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नसे. (सगळेच असे करत, असे मात्र म्हणवत नाही.) रुग्णालयात आम्हाला गोळी उपाशीपोटी घ्या, हे दोनदा बजावले गेले, चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

उलगडा केला तो त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी. दिसायला मुरमे, पण ही मुरमे नव्हेत. पेशींना वाढीचा निरोप देणारा एक घटक आहे. स्टॅन्ली कोहेन यांना तो सापडला, तो उंदरांच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडताना पाहून. त्यासाठी 1986 साली त्यांना नोबेलही मिळाले. हा निरोप घेणारे दार गाठीच्या पेशींवर असते, तसेच कातडीवर आणि केसांच्या मुळांशीही असते. गोळी दोन्हीकडची दारे बंद करते. कातडी कोरडी पडते, सुजते. मुरमांची मलमे ती आणखी सुकवतात, म्हणून ती वर्ज्य.

उपाय साधे निघाले. कोमट पाणी, बिनवासाचे मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन, डॉक्टरांनी लिहून दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम आणि डॉक्सीसायक्लिन. पुळ्यांत पू झाला किंवा ताप आला तर तडक डॉक्टर. गरज पडल्यास गोळीची मात्रा तेच कमी करतात. आपण होऊन गोळी थांबवायची नाही.

माझा राग इथे आहे. याच जातीच्या दुसऱ्या एका औषधावर 95 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. पुरळ उठण्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच असे उपाय केले, तेव्हा मध्यम वा तीव्र त्रास 29 टक्क्यांना झाला. वाट पाहणाऱ्यांत 62 टक्क्यांना. मग पहिल्याच चिठ्ठीवर त्या दोन ओळी का नसाव्यात? विमेवाल्यांनी तर आमचे क्रीमचे बिल 'सौंदर्यप्रसाधन' असा शेरा मारून परत केले. साठीतल्या बाईचे सौंदर्यप्रसाधन!

असो. पुळ्या पुरत्या गेलेल्या नाहीत, ओसरल्या आहेत. परवा छत्री घेऊन आम्ही मंडईत गेलो. भाजीवालीने विचारलेच, "बाई, तोंडाला काय झालं?"

"गोळीचं आहे, लागण नाही," ही म्हणाली. "कोथिंबीर कशी दिली?"