सीलपॅक डबा मीही करतो

पुण्यात तापकीर गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतोय त्याला आता २१ वर्षं झाली. त्यामुळे 'काका, सीलपॅक आहे' असं कोणी सांगितलं की मला त्याचा काहीच आधार वाटत नाही. श्रिंकची पन्नी किलोवर मिळते. डब्याभोवती गुंडाळायची, कडा चिकटवायच्या, वरून हीट गन फिरवायची. पन्नी आक्रसते, कोपरे ताणून बसतात आणि दोन मिनिटांत डबा कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखा दिसतो. जुना फोन दुरुस्त करून, 'रिफर्बिश्ड' असं वर लिहून देताना मी हे शेकडो वेळा केलंय. मी लिहून देतो, न लिहिणाऱ्याचा डबाही अगदी तसाच दिसतो.

हे सांगायचं कारण म्हणजे माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा. हडपसरला आयटीत काम करतो. वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २,००० कोटी रुपयांचं क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हा याचे पैसे दुसऱ्याच एक्स्चेंजवर होते. पण त्या बातमीनं त्याची झोप उडाली. 'आपली नाणी आपल्या घरी' असं सगळे म्हणायला लागले होते. म्हणून त्यानं एक हार्डवेअर वॉलेट ऑनलाइन मागवलं. कंपनीच्या साइटपेक्षा दीड हजारानं स्वस्त होतं, विकणारा कोण हे त्यानं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे आला तो केबल सैल बसते म्हणून. मी यूएसबीचं तोंड भिंगाखाली धरलं. तोंडात थोडा कचरा होता, बाकी काही नाही. ब्रशनं साफ केलं आणि डबा परत देताना आतलं एक कार्ड खाली पडलं. छापील, गुळगुळीत, चंदेरी पट्टी खरवडलेलं. पट्टीखाली २४ इंग्रजी शब्द.

मी विचारलं, "हे शब्द तुला कुणी दिले?"

"डब्यातच होते काका. हेच टाकून सुरू करायचं असं त्यावर लिहिलंय."

मी खाली बसलो. त्याला बसवलं. तोवर त्यानं १८ हजार रुपयांचे बिटकॉइन चाचणी म्हणून त्यात पाठवले होते आणि ते शाबूत होते. म्हणून शनिवारी तो ४ लाख पाठवणार होता.

हे यंत्र म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला हा डाव कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नाणी यंत्रात नसतात. ती ब्लॉकचेनच्या सामायिक वहीत असतात. यंत्रात असते फक्त सही करायची किल्ली. ती किल्ली माणसाला कागदावर उतरवता यावी म्हणून २,०४८ शब्दांची एक यादी ठरलेली आहे. त्यातले १२ किंवा २४ शब्द, ठरावीक क्रमानं, म्हणजे तुमची किल्ली. यंत्र हरवलं तरी त्या शब्दांवरून दुसऱ्या यंत्रात सगळं परत येतं. म्हणजेच ज्याच्याकडे ते शब्द, त्याची ती नाणी. यंत्र तुमच्या कपाटात असो की नदीत. डब्यात छापून आलेले शब्द हे घर घेताना आधीच्या मालकानं दिलेल्या किल्लीसारखे आहेत, आणि त्यानं स्वतःकडे एक ठेवलेली आहेच.

मग चाचणीचे १८ हजार का नाही गेले? इथेच लोक फसतात. 'आधी थोडे पाठवून बघा' हा सल्ला सगळे देतात, पण चोरालाही तो माहीत असतो. तो थोड्याला हात लावत नाही. मोठी रक्कम यायची वाट बघतो. असंच खरवडायचं कार्ड २०१८ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ईबेवरून घेतलेल्या लेजर कंपनीच्या यंत्रासोबत आलं होतं आणि त्या माणसाची रक्कम गेली. यंत्र अस्सल होतं. फक्त कुणीतरी ते आधीच सुरू करून, शब्द लिहून घेऊन, परत डब्यात घातलं होतं.

ही झाली साधी चोरी. माझ्या धंद्यातल्या माणसाला जास्त अस्वस्थ करणारं प्रकरण कॅस्परस्की कंपनीच्या तंत्रज्ञांनी मे २०२३ मध्ये मांडलं. ट्रेझर कंपनीचं मॉडेल टी हे वॉलेट, छोट्या जाहिरातींच्या साइटवरून घेतलेलं. डब्यावरचा आणि यंत्रावरचा होलोग्राम जागच्या जागी. सुरू केल्यावर सगळं नीट चालत होतं. मालकाचे १.३३ बिटकॉइन गेले ते यंत्र कशालाही जोडलेलं नसताना. खोलून पाहिलं तेव्हा समजलं. खऱ्या यंत्राचे दोन अर्धे अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं एकजीव केलेले असतात. इथे ते गम आणि डबल टेपनं चिकटवले होते. आतली मूळ कंट्रोलर चिप काढून तिच्या भावंडातली दुसरी बसवली होती, डाग दिल्याच्या खुणांसकट. आणि सॉफ्टवेअर असं बदललं होतं की यंत्र 'तुमच्यासाठी नवे शब्द तयार करतोय' असं दाखवायचं आणि चोरानं आधीच ठरवलेल्या २० संचांपैकी एक पुढे करायचं. वर स्वतःचा पासवर्ड घातला तर त्याचं फक्त पहिलं अक्षर धरायचं. चोर महिनाभर थांबला होता.

गम आणि डबल टेप. माझ्या टेबलावर रोज असतात. फोनचं पॅनेल बसवायला आम्ही बी-७००० चा गम लावतो, क्लिपा लावून ठेवतो, आणि चांगल्या कारागिरानं बसवलेली कड नखाला लागत नाही. म्हणून सांगतो, बाहेरून बघून अस्सल-नकली ओळखता येतं असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. लेजरवाले तर डब्याला सील लावतच नाहीत; सील सहज नकली करता येतं असं ते स्वतः सांगतात. मला ते पटतं.

मग तपासायचं काय? पहिलं, यंत्र कोरं आलं पाहिजे. पिन नको, शब्द नकोत, आधी कुणी वापरल्याची खूण नको. पहिल्यांदा चालू केल्यावर त्यानं तुम्हाला पिन ठरवायला सांगावं आणि शब्द त्याच्याच छोट्या पडद्यावर, तुमच्यासमोर, एकेक करून दाखवावेत. दुसरं, कंपनीच्या ॲपमधून होणारी अस्सलपणाची तपासणी. लेजरमध्ये आणि ट्रेझरच्या नव्या मॉडेलांमध्ये एक सुरक्षित चिप असते. कारखान्यात तिच्यात एक गुप्त किल्ली भरलेली असते, कंपनी तिला एक प्रश्न टाकते आणि खरी चिपच त्याचं सही केलेलं उत्तर देऊ शकते. ही तपासणी होलोग्रामपेक्षा शंभरपट मोलाची. पण फसलेल्या त्या मॉडेल टीमध्ये तशी चिपच नव्हती. आणि इंग्लंडच्या त्या यंत्रासारखं अस्सल पण वापरलेलं यंत्र असेल, तर तपासणी हिरवा दाखला देईल आणि शब्द तरीही दुसऱ्याकडे असतील. म्हणून दोन्ही हवं, आणि ॲप कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये लेजरच्या नावाचं खोटं ॲप चक्क मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये सापडलं होतं. त्यावर लोकांनी आपले शब्द टाइप केले आणि पैसे गेले.

आणि फुकट आलेलं यंत्र तर सरळ बाजूला ठेवा. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना टपालानं नवी कोरी यंत्रं आली, सोबत पत्र, 'तुमच्या सुरक्षेसाठी बदली यंत्र'. आत एक पेनड्राइव्ह यूएसबीच्या तोंडाला वायरनं जोडलेला होता. जोडलं की शब्द मागायचं. डबा? सीलपॅक.

काही लोक आता माझ्याकडे वॉलेट घेऊन येतात, 'काका, खोलून सांगा ना खरं आहे का'. मी नाही म्हणतो. मायक्रोस्कोपखाली मला डागलेली चिप दिसेल, पण चिपमध्ये काय लिहिलंय ते दिसणार नाही. मी 'ठीक आहे' म्हटलं तर माझ्या भरवशावर तुम्ही चार लाख पाठवाल, आणि तो भरवसा देण्याचा मला अधिकार नाही. शिवाय एकदा खोललेलं यंत्र मग अस्सल होतं हे कशावरून सांगणार? ते अनोळखी माणसाच्या हातात द्यायचंच नाही, त्यात मीही आलो.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि माझी बायको तो बीआयएस केअर ॲपवर घालून बघते. जुना फोन घेताना 'KYM' लिहून पुढे त्याचा आयएमईआय १४४२२ ला पाठवला की तो काळ्या यादीत आहे का ते समजतं. क्रिप्टोच्या नफ्यावर सरकार १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर घेतं, जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापतं. पण ज्या यंत्रात माणूस ते पैसे ठेवतो, ते कुणीही, कुठूनही आणून, परत आलेला नग पुन्हा पन्नीत गुंडाळून विकू शकतो. ऑनलाइन बाजारांनी परत आलेलं हार्डवेअर वॉलेट पुन्हा विक्रीला ठेवताच कामा नये. ते नष्ट करावं. आणि अधिकृत विक्रेता कोण हे किमतीइतक्याच ठळक अक्षरात दाखवावं. एवढी साधी सक्ती करायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघायची गरज आहे असं मला वाटत नाही. तोवर कंपनीच्या साइटवरून घ्या, किंवा कंपनीनं स्वतःच्या यादीत ज्याचं नाव दिलंय त्याच्याकडून. दीड हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

त्या मुलानं १८ हजार त्याच संध्याकाळी एक्स्चेंजवर परत काढून घेतले. ऑनलाइनवाल्यानं यंत्र परत घेतलं, कार्डाबद्दल एक शब्द न विचारता. कुणास ठाऊक आता ते कुणाच्या घरी आहे. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरं यंत्र त्यानं कंपनीकडून मागवलं. दोन आठवड्यांनी ते घेऊन थेट दुकानात आला, तपासणी करून झाली, पडद्यावर पहिला शब्द यायच्या आत त्यानं माझ्या काउंटरवरची पेन्सिल उचलली. मी वर बोट दाखवलं. काउंटरवर बरोबर डोक्यावर माझा सीसीटीव्ही आहे. त्यानं यंत्र बंद करून खिशात टाकलं आणि घरी गेला.

रात्री साडेदहाला फोन आला. "काका, झालं. चोवीसच्या चोवीस लिहिले, यंत्र पुसून शब्द पुन्हा घालून पाहिले, वॉलेटचा पत्ता तोच आला. आता कागद ठेवलाय तो..."

"मला सांगू नकोस," मी म्हटलं.