संगणक कक्षाची यादी एका फाईलमध्ये



जूनमध्ये शाळा उघडली की जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या शाळांत संगणक कक्षाचं कुलूप निघतं. धूळ झटकून होते. मग शाळेतले तंत्रस्नेही सर किंवा मॅडम पेनड्राइव्ह घेऊन एकेका संगणकासमोर बसतात. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश. समजा १२ संगणक आणि ५ सॉफ्टवेअर असतील, तर हेच ६० वेळा! एवढं करूनही कुठेतरी मराठी फॉन्ट राहतोच, आणि तासाला पोरं ओरडतात, "सर, माझ्यावर नाहीये!"

माझं स्पष्ट मत आहे की हे काम हाताने करणं आता थांबवावं. कष्ट वाचतात हे खरंच, पण मोठं कारण आहे बदली. साक्रीहून सरांची बदली शिरपूरला झाली, की लॅबचं सगळं ज्ञानही त्यांच्या मोटारसायकलवर बसून निघून जातं. मागे राहणाऱ्याला काय टाकलं होतं, कुठून टाकलं होतं, काहीच ठाऊक नसतं.

उबुंटू लिनक्स असेल तर 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' या आज्ञेपुढे '-वाय' लिहायचं आणि पुढे नावं द्यायची: टक्सपेंट, जिओजेब्रा, लोहित देवनागरी फॉन्ट. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) '-वाय' म्हणजे "पुढे जाऊ का?" या प्रश्नाला आधीच दिलेलं 'हो'. ही ओळ साध्या फाईलमध्ये ठेवली की प्रत्येक संगणकावर तीच चालवायची. विंडोजवाल्यांनी निराश होऊ नये. २०२१ पासून तिथे 'विंगेट' आहे. त्याची 'एक्सपोर्ट' आज्ञा एका संगणकावरची यादी फाईलमध्ये देते, 'इम्पोर्ट' तीच दुसऱ्यावर बसवते.

"अहो, आमच्याकडे नेट कुठे चालतं?" बरोबर आहे. म्हणून '--डाउनलोड-ओन्ली' वापरून एकाच संगणकावर फाईली उतरवाव्यात, पेनड्राइव्हने बाकीच्या, त्याच आवृत्तीच्या लिनक्सवर न्याव्यात आणि 'डीपीकेजी -आय'ने बसवाव्यात. मध्येच लाईट गेली तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' अर्धवट राहिलेलं पुरं करतं. आपल्याकडे ही आज्ञा पाठच असलेली बरी.

आता पालकांनीही लक्ष द्यावं असा मुद्दा. न विचारता बसवायचं म्हणजे न वाचता बसवायचं असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं पॅकेज '-वाय' दिलं तरी परवान्याचा पडदा दाखवून थांबतं. तो परवाना मान्य आहे हे 'डेबकॉन्फ'ला आधी वेगळं कळवावं लागतं. मला हा अडथळा आवडतो. शाळेच्या वतीने 'हो' कोण म्हणतंय, हे कुणीतरी ठरवलेलं असायला हवं. म्हणून आधी '--सिम्युलेट' लावून काय काय बसणार ते बघावं, मगच '-वाय'. आणि अनोळखी साईटवरून उचललेली ओळ तर आपल्या फाईलमध्ये नकोच.

काळा पडदा बघून घाबरणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे लिनक्सवरचे छोटे धडे मराठीतही आहेत. केरळमध्ये २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने सरकारी शाळांसाठी गरजेची सॉफ्टवेअर आधीच घातलेलं स्वतःचं लिनक्स तयार केलं. म्हणजे हीच यादी, पण राज्यभरासाठी. आपल्याला तेवढं मोठं काही नको, केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून एक फाईल केली तरी पुष्कळ.

त्या फाईलची छापील प्रत डेड स्टॉक रजिस्टरला चिकटवा. तारीख टाका, लिनक्सची आवृत्ती लिहा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका, तो मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू द्या.